हात लागला की चाल

रफूवालीची बोटं डोळ्यांच्या आधी बघतात. काळ्या कोटावर काळं भोक असलं, तर दुसरा माणूस दिव्याखाली धरून धरून थकतो. ही डोळे मिटून कापडावरून तर्जनी फिरवते आणि म्हणते, "हे इथं. आणि इथं अजून पडायचंय, आठवड्याभरात पडेल." एकवीस वर्षं लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून कमावलेली बोटं ती. तिच्या कामाला कुणी नावं ठेवल्याचं कुणाला आठवत नाही. ठेवली असती तर ठेवणाऱ्यालाच आठवण राहिली असती, कारण बाईची जीभही सुईपेक्षा कमी टोकदार नाही.

बुद्धिबळ ती तिथेच शिकली. जेवणाच्या सुट्टीत, इस्त्रीवाल्याकडून. त्याला सगळे वाफ्या म्हणत. खोक्याच्या झाकणावर खडूने आखलेला पट, मोहरे कुठून कुठून जमवलेले, एक हत्ती तर बाटलीचं बूच होता. त्या पटावरचा कायदा सोपा : हात सुटेपर्यंत चाल नाही. मोहरा उचला, या घरात ठेवून बघा, त्या घरात ठेवून बघा, परत आणा. बोट उचललं की मग झाली चाल.

"ताई, घोड्याला फिरायला नेलंस का? आणशील ना परत?" वाफ्या म्हणायचा.

"थांब रे. हाताला कळू दे."

आणि हाताला कळायचं. दोन वर्षांत लाँड्रीत तिच्यापुढे टिकणारा कुणी उरला नाही. वाफ्या हरला की इस्त्रीतून जोराने वाफ सोडायचा, एवढंच.

सार्वजनिक वाचनालयात मागच्या बाजूला बुद्धिबळाची खोली आहे, हे तिला तिथला पडदा रफू करताना कळलं. चार टेबलं, आठ खुर्च्या. दर रविवारी चार ते सहा. तिने अर्ज दिला. चिटणीस होते हेडसर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. एकोणीस वर्षं त्या खोलीचे धनी. त्यांनी अर्ज चष्म्याच्या खालून वाचला.

"बाई, महिलांसाठी शेजारी मासिकांचं दालन आहे."

"मासिकांत शह कुठं देतात?"

पहिला अर्ज परत आला. दुसरा हरवला. तिसरा तिने सही-शिक्क्याची पोच घेऊनच दिला आणि पोच घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. तेव्हा कुठे खुर्ची मिळाली. पण खुर्चीला अट होती, आणि ती हेडसरांनीच आदल्या वर्षी, तिचा पहिला अर्ज आल्यावर घातलेली : वर्षअखेरीस आठही जणांनी एकमेकांशी खेळायचं, गुणतक्त्यात जो तळाला त्याने खुर्ची सोडायची. नव्यांना चाळणी लावायला काढलेला नियम होता तो, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

घरी नवरा म्हणाला, "अगं, तिथं जाऊन मिळतं काय तुला?"

"बसायला मिळतं."

"घरात खुर्च्या नाहीत?"

"घरात मी बसले की कुणाला तरी पाणी लागतं."

नवरा पाणी मागणार होता, तो स्वतःच उठून माठाकडे गेला. माणूस वाईट नाही. पण त्या घरात सासू, दोन कमावते मुलगे आणि हा धरून चार तोंडं, आणि सगळ्यांच्या हाका एकाच दिशेने येतात. आठवड्यातले एकशेअडुसष्ट तास. त्यांतले दोन तास अशी एक खुर्ची की जिथून तिला उठ म्हणायचा कुणाला हक्क नाही. ती खुर्ची राखायची होती. बाकी बुद्धिबळात नाव काढायचं वगैरे भानगड तिच्या डोक्यात नव्हती.

वाचनालयातला पहिला डाव ती बारा चालींत हरली. कायदा उलटा होता तिथे. हात लागला की चाल. ज्या मोहऱ्याला बोट लागेल तो हलवायचाच, मग वजीर जावो नाहीतर घर जळो. आणि हिची बोटं तर बघायलाच पुढे जायची! वजिराला हात लागला, वजीर गेला. पुढच्या रविवारी हत्ती. त्याच्या पुढच्या रविवारी तिने प्रतिस्पर्ध्याच्याच उंटावरून बोट फिरवलं, आणि तो मारावा लागला, तोही राजाच्या जिवावर. खोलीत हसू फुटलं. ती ताडकन म्हणाली, "हसा. तुमच्या विजारी फाटतील तेव्हा याल माझ्याकडेच."

पण घरी जाऊन ती रडली नाही की रुसली नाही. तिने दोन रुपड्यांची वही आणली आणि हरलेले डाव लिहून काढायला लागली. जिंकलेले नाही, फक्त हरलेले. चाल कशी लिहायची ते घड्याळजींनी शिकवलं. हे घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ. खोलीतली दोन तोंडांची घड्याळं त्यांचीच, म्हणून तंटा झाला तर निवाडाही त्यांचाच. महिन्याभराने वही चाळली तेव्हा तिचं तिलाच दिसलं : चौदा डावांपैकी नऊ डाव डोक्याने नाही, हाताने घालवलेले.

मग हाताचा बंदोबस्त सुरू झाला. मांड्यांखाली हात दाबून बसली, मुंग्या आल्या. हाताची घडी घातली, घडी केव्हा सुटायची कळायचं नाही. शेवटी युक्ती सापडली ती धंद्यातलीच. मांडीवर कापडाचा एक तुकडा घ्यायचा, त्याला मुद्दाम भोक पाडायचं आणि डाव चालू असताना ते रफू करत बसायचं. बोटांना काम मिळालं की ती पटावर जात नव्हती. नजर पटावर, सुई मांडीवर. चाल ठरली की सुई कापडात टोचून ठेवायची, उजवा हात वर आणायचा, मोहरा हलवायचा, घड्याळाची कळ दाबायची, हात परत खाली. त्या दिवसापासून एकही मोहरा फुकट गेला नाही. कुणाची तक्रार आली नाही. खेळणाऱ्यांत एक विमावाले होते, ते तर म्हणाले, "ताई, डाव संपेपर्यंत माझा रुमाल होईल का?"

असं करत वर्ष संपत आलं. सातवी आणि शेवटची फेरी. बाईंचे दोन गुण, आणि त्यांच्या खाली, सगळ्यांत तळाला, दीड गुण घेऊन कोण? तर नियम करणारे हेडसर. त्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दोन डाव ते समोर आलेली मात न दिसल्यामुळे हरले होते. शेवटचा डाव या दोघांमध्येच होता. ती जिंकली किंवा बरोबरीत सुटली, तर हेडसर बाहेर. हेडसर जिंकले, तर ती.

वाफ्या बघायला आला. बाहेरच्याला दाराशी उभं राहायची मुभा होती, तोंड उघडायची नव्हती. त्याने इस्त्रीचा कडक शर्ट घातला होता.

चार वाजून पाच मिनिटांनी घड्याळ सुरू झालं. प्रत्येकाला पन्नास मिनिटं. हेडसरांकडे पांढरे. बाईंनी पहिली चाल केली, हात खाली नेला, सुई उचलली. हेडसरांनी आपली दुसरी चाल केली, कळ दाबली.

"हे काय?" हेडसर म्हणाले.

"रफू."

"ते दिसतंय. खेळताना?"

"वर्षभर करतेय. आज दिसलं?"

"आज माझ्यासमोर बसून करताय. सुई वरखाली होते, माझी नजर तिथं जाते. टेबलाशी पट, मोहरे, घड्याळ आणि वही. याखेरीज काही चालणार नाही."

घड्याळजी उठून आले. "हेडसर, हिचे सहा डाव झाले असे. कुणी हरकत घेतली नाही."

"मी घेतो आहे. लेखी हवी का?"

घड्याळजींनी मान खाली घातली. हरकत घ्यायचा हक्क होता, नियमात सुईदोरा बसत नव्हता, आणि म्हाताऱ्याला खोटं बोलता येत नव्हतं. "ताई, ठेवावं लागेल," ते म्हणाले.

ती उभी राहिली. खुर्ची फरशीवर करकरली. तिच्या जिभेवर अशी एक शिवी तयार होती, की ती खोलीत पडली असती तर एकोणीस वर्षांची धूळ उडाली असती. पण तिचं घड्याळ चालू होतं. टिकटिक टिकटिक. दारातून वाफ्या नुसती मान हलवत होता : नको, नको, नको. उठून गेली तर डाव गेला, आणि हेडसरांना नेमकं तेच हवं असेल. किंवा नसेलही. त्यांचा ऑपरेशनवाला डोळा खरंच पाणावलेला होता.

ती बसली. कापड, सुई, दोरा तिने घड्याळजींच्या हातात दिला. "मोजून घ्या. एक सुई आहे."

आता तिचे हात रिकामे होते.

पहिला अर्धा तास तिने ते टेबलाच्या कडेला घट्ट धरले. नखं पांढरी पडली. डोकं मात्र चाललं. विसाव्या चालीच्या सुमाराला हेडसरांना तिचा घोडा तिरका येताना दिसला नाही. त्याने राजाला शह दिला आणि हत्तीवरही डोळा ठेवला. हेडसरांचा हत्ती गेला, बदल्यात तिने घोडा दिला. खोलीत कुणीतरी खोकलं. वजीर आणि बाकीचे मोहरे आधीच मारामारीत गेले होते. आता हेडसरांकडे दोन उंट, हिच्याकडे एक हत्ती आणि उरलेला एक घोडा, प्यादी सारखी. हे वजन तिच्या बाजूचं होतं. सावकाश, एकेक घर चालली असती तर डाव तिचाच होता.

आणि नेमकं तेव्हाच तिला थोडं बरं वाटलं. टेबलाची कड धरलेली बोटं सैल झाली.

तिचा घोडा राजाशेजारच्या हत्तीच्या तिरकस पुढे उभा होता. लांबून हेडसरांचा उंट त्या हत्तीकडे टपला होता, मध्ये हा घोडा, म्हणून सगळं शाबूत. हे तिला माहीत होतं. राजा एक घर बाजूला घ्यायचा, हेही ठरलं होतं. ती फक्त पुन्हा एकदा बघत होती, की घोड्याने नीट झाकलंय ना, फट नाही ना कुठं. बघत होती, म्हणजे काय करत होती ते तिला तर्जनीला थंड लाकूड लागलं तेव्हाच कळलं.

बोट घोड्याच्या मानेवर होतं.

तिने ते मागे घेतलं नाही. घेऊन उपयोगही नव्हता. हेडसर बोटाकडे बघत होते, घड्याळजी बघत होते, दारात वाफ्याने डोळे मिटले होते.

"हात लागला," हेडसर हळू आवाजात म्हणाले.

"लागला ना. ओरडता कशाला?" ती म्हणाली. ते ओरडले नव्हते.

घोडा हलवायचाच होता. घोड्याला जायला पाच घरं होती आणि पाचांतल्या कुठल्याही घरात तो गेला, तरी मागचा हत्ती उघडा पडत होता. पूर्वीची ती असती तर दात-ओठ खात पहिल्या घरात घोडा आपटून मोकळी झाली असती. तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले, अगदी केसांत बोटं खुपसली, आणि हिशोब घालायला बसली. अकरा मिनिटं. स्वतःवरचा राग येत होता, जात होता, परत येत होता. पाचांपैकी चार घरांत हत्तीबरोबर घोडाही अडकत होता. पाचव्यात एक प्यादं जात होतं, पण घोडा जिवंत राहत होता. तिने पाचवं घर घेतलं.

उंटाने हत्ती मारला, तिच्या राजाने उंट मारला. मग प्यादं गेलं. पारडं उलटलं होतं. आता तिच्याकडे घोडा, हेडसरांकडे दुसरा उंट आणि एक प्यादं जास्त.

तिथून पुढचा पाऊण तास नुसतं मागे सरणं होतं. हेडसर चांगलेच खेळत होते. डोळा पुसायचे, पटाजवळ नाक न्यायचे आणि बरोबर चाल करायचे. एकेक करून प्यादी मारामारीत संपली. खोलीतले बाकी डाव आटोपले होते. माणसं या टेबलाभोवती जमली, पण श्वासाचाही आवाज करीनात. हेडसरांचा राजा, उंट आणि एक प्यादं. हिचा राजा आणि घोडा. हेडसरांच्या घड्याळात सहा मिनिटं, हिच्या घड्याळात चार.

तिने घोडा उंटावर घातला.

वाफ्याच्या तोंडून "अयाई!" निघालंच. घड्याळजींनी त्याच्याकडे बघितलं. घोड्याने उंट मारला, हेडसरांच्या राजाने घोडा मारला. आता हिच्याकडे राजाखेरीज काही नाही. हेडसरांकडे राजा आणि प्यादं. ते प्यादं वर पोचलं की वजीर होणार आणि मग दहा चालींत मात.

हेडसर खुर्चीत मागे टेकले. तासाभरात पहिल्यांदा.

त्यांना काय ठाऊक, की त्या हरलेल्या डावांच्या वहीत हा शेवट तीनदा होता. तीनदा ती याच जागी चुकीच्या घरात पाऊल टाकून मेली होती. म्हणून मग दोन महिने लाँड्रीत, चौकटीच्या चादरीवर दोन कोटाची बटणं आणि एक बोटात घालायचं अंगुस्तान घेऊन ती हेच घोटत होती. प्यादं अडवायचं नसतं, राजाला अडवायचं असतं. मागे सरायचं तर सरळ मागे सरायचं, तिरकं नाही. आणि समोरचा राजा पुढे आला, की त्याच्या डोळ्यांसमोर, मध्ये बरोबर एक घर सोडून, उभं राहायचं. भांडणात उभं राहतात तसं. मग त्याला बाजूला व्हावं लागतं.

शिवाय आता हात लावायला पटावर तिचं एकच लाकूड उरलं होतं. कुठल्याही बोटाने चुकायची सोय नव्हती.

राजा मागे. सरळ. हेडसर पुढे आले, ती समोर आली. ते डावीकडे, ती डावीकडे. प्यादं एक घर चढलं, शह. ती मागे. हेडसरांनी डोळा पुसला. ती सरळ मागे, शेवटच्या ओळीत, भिंतीला पाठ लावून. ते उजवीकडे, ती उजवीकडे. तिच्या घड्याळात दीड मिनिट. प्यादं आणखी वर, पुन्हा शह. ती त्याच्या अगदी तोंडासमोर जाऊन उभी राहिली. आता हेडसरांच्या राजाने प्याद्याला आधार दिला नाही तर प्यादं जाणार होतं.

हेडसरांचा हात राजावर गेला आणि तिथेच थांबला. त्यांना दिसलं होतं. पण हात लागला होता. पटावर दुसरं होतंही काय त्यांच्याकडे?

त्यांनी राजा प्याद्याच्या मागे ठेवला.

तिने पट पाहिला. तिच्या राजाला शह नव्हता. पण पाऊल टाकायला एकही घर नव्हतं.

"गेली!" वाफ्या दारात मटकन खाली बसला. लाँड्रीच्या कायद्यात अडलेला राजा हरलेला धरत.

"ऊठ रे," घड्याळजी म्हणाले, आणि त्यांनी घड्याळ थांबवलं. "शह नसताना राजा अडला, तर डाव बरोबरीत. अर्धा-अर्धा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांच्या नजरा भिंतीवरच्या गुणतक्त्याकडे गेल्या. तो लिहायचं काम चिटणीसांचं. हेडसर उठले, खिशातून पेन काढलं, तिच्या नावापुढे अडीच लिहिलं, मग स्वतःच्या नावापुढे दोन. अक्षर नेहमीसारखं सुबक. पेनाचं टोपण मात्र दोनदा चुकलं.

ते परत टेबलापाशी आले. "बाई, ते कापड मी काढायला लावलं नसतं, तर तुमचा हात घोड्याला लागला नसता."

"नसता लागला."

"म्हणजे माझी हरकत…"

"तुमच्या हरकतीने तुम्हाला अर्धा गुण मिळाला, हेडसर. नाहीतर तुम्ही पाच वाजताच हरला होतात."

हे ऐकून विमावाल्यांनी खिडकीबाहेर बघितलं. एकोणीस वर्षं ज्या खुर्चीत बसले, तिच्या पाठीवर त्यांचा हात होता आणि तो निघत नव्हता. तिला ते दिसलं. दिसलं नाही असं तिला करता आलं असतं, पण तेवढं खोटं तिच्यात नव्हतं.

"नियम जरा… कडकच झाला तो," हेडसर म्हणाले.

"माझ्यासाठी केला तेव्हा कडक नव्हता?"

"तुमच्यासाठी म्हणून नव्हता केला."

तेच मग म्हणाले, "होता."

"झालं तर मग. बदलायचा असेल तर सभा लावा. अर्ज द्या. आणि पोच घ्या बरं का, इथं अर्ज हरवतात." थोडं थांबून ती म्हणाली, "सभेत मी हात वर करीन की नाही, ते आज विचारू नका. आज मला तुमचा राग आलाय."

"बरोबर आहे," हेडसर म्हणाले. त्यांनी टोपी घेतली, घड्याळजींना नमस्कार केला आणि दाराकडे गेले. वाफ्या बाजूला झाला, त्याने त्यांना वाट दिली.

हळूहळू बाकीचेही निघाले. घड्याळजींनी मोहरे पेटीत भरले. वाफ्या म्हणाला, "ताई, चल ना. काय बसलीस? जिंकलीस."

"जिंकले नाही. बरोबरी झाली."

"तेच ते. चल, चहा पाजतो."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहाला तेरा मिनिटं कमी होती. समोरचं टेबल रिकामं, शेजारच्या दालनात कुणीतरी मासिकाचं पान उलटलं.

"सहाला येते," ती म्हणाली. "तू हो पुढे."